ग्लिटर मोनोमर पीत नाही

नेल एक्स्टेन्शन शिकणाऱ्या बऱ्याच मुलींची एकच तक्रार असते, साधं क्लिअर किंवा पिंक ॲक्रिलिक मस्त बसतं पण ग्लिटर घेतलं की बीड, म्हणजे लिक्विडने भिजलेल्या ब्रशच्या टोकावर पावडर घेऊन होणारा ओला गोळा, पसरतो, चमक एका कडेला जाऊन गोळा होते, फाइल केल्यावर नख खरखरीत लागतं आणि दहा-बारा दिवसांत क्युटिकलपाशी, म्हणजे नखाच्या मुळाच्या कातडीपाशी, उठायला लागतं. मग पावडरचा ब्रँड बदला, प्रायमर बदला, ब्रश बदला, हे सगळं होतं. ब्रँड बदलायच्या आधी बीडमध्ये नक्की काय चाललंय ते एकदा समजून घ्या, कारण नव्वद टक्के उत्तर तिथेच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲक्रिलिकचं लिक्विड म्हणजे मोनोमर, चांगल्या कंपनीच्या लिक्विडमध्ये ते मुख्यतः इथाइल मेथाक्रिलेट असतं, म्हणजे ईएमए. पावडर म्हणजे हेच किंवा याच्याच जातीचे रेणू आधीच साखळीत जोडून केलेले बारीक गोल कण, आणि त्यात थोडं बेन्झॉइल पेरॉक्साइड. ब्रश लिक्विडमधून काढून पावडरला टेकवला की लिक्विडमधलं अमाइन नावाचं रसायन त्या पेरॉक्साइडला फोडतं, त्यातून फ्री रॅडिकल्स, म्हणजे जोडणी सुरू करून देणारे अस्थिर तुकडे, तयार होतात आणि मोनोमरचे रेणू एकमेकांना पटापट जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात. दातांची कवळी बनवताना हीच केमिस्ट्री वापरतात, हिप रिप्लेसमेंटमध्ये सांधा बसवायचं जे बोन सिमेंट असतं तेही याच घरातलं. रिॲक्शनमधून उष्णता बाहेर पडते, म्हणून जाड बीड ठेवला की क्लायंट म्हणते "ताई, गरम लागतंय". ते खरंच गरम असतं, तिचा भास नसतो.

आता ग्लिटर. ग्लिटर म्हणजे पॉलिएस्टरची, म्हणजे पीईटीची पातळ फिल्म, तिच्यावर ॲल्युमिनियमचा थर, त्यावर रंग, आणि ती कापलेली षटकोनी तुकड्यांत, कारण षटकोन एकमेकांना चिकटून बसतात आणि कापताना फिल्म वाया जात नाही. हे तुकडे मोनोमर शोषत नाहीत, रिॲक्शनमध्ये भागही घेत नाहीत, नुसते बसून राहतात. शिऱ्याचं पाणी रव्याच्या मापाने घेतो, मनुके घातले म्हणून कोणी वाढवत नाही ना, तसंच हे. तुमच्या डबीत एक भाग ग्लिटर आणि तीन भाग पावडर असेल आणि तुम्ही नेहमीएवढाच भिजलेला ब्रश टेकवला, तर पावडर कमी आणि लिक्विड तेवढंच, म्हणजे बीड आपोआप ओला झाला. तुम्हाला मात्र वाटतं की आपण रोजचाच बीड घेतलाय.

ओल्या बीडचं पुढे काय होतं ते बघा. पीईटीची घनता साधारण 1.4, मोनोमरची पाण्याहूनही कमी, 0.9 च्या आसपास. पातळ मिश्रणात ग्लिटर खाली बुडतं आणि नख गोलाकार असल्यामुळे उतारावरून साइडवॉलकडे, म्हणजे नखाच्या बाजूच्या कडांकडे, सरकतं. म्हणून मध्ये टक्कल आणि कडेला चमक. मोनोमर जास्त म्हणजे सेट होताना आकुंचनही जास्त, कारण सुटे रेणू साखळीत आले की जवळ येतात आणि तेवढी जागा कमी होते. ॲक्रिलिक आकसलं की कडा नखावरून ओढल्या जातात आणि लिफ्टिंग तिथूनच सुरू होतं. शिवाय जोडायचं राहिलेलं मोनोमर स्किनला लागत राहतं, त्याची ॲलर्जी एकदा बसली की सहसा आयुष्यभर जात नाही आणि पुढे दातांच्या कामात वगैरेसुद्धा त्रास देऊ शकते. क्युटिकलपासून मिलिमीटरभर जागा सोडायला सांगतात ती फक्त दिसायला नीट म्हणून नाही.

तेव्हा करायचं काय, तर ब्रश लिक्विडमध्ये बुडवल्यावर एक बाजू डॅपन डिशच्या, म्हणजे लिक्विडच्या छोट्या वाटीच्या, काठावर नेहमीपेक्षा जरा जास्त पुसा, दुसरी बाजूही हलकेच टेकवा, मग टोक पावडरमध्ये सावकाश ओढा. बीड टिशूवर नाही तर नखावर ठेवूनच बघा. त्याच्याभोवती लिक्विडची गोल रेघ दिसली तर ओला. वरून दाणेदार, फ्रॉस्ट आल्यासारखा राहिला तर कोरडा. बरोबर बीड आधी घुमटासारखा उभा राहतो, मग हळूहळू खांदे टाकतो, आणि चमक वरपासून खालपर्यंत सारखी पसरलेली असते, कडेला साचत नाही. तो खांदे टाकेपर्यंत हात लावू नका. घाईघाईने ब्रशने रंगवल्यासारखं पुढे-मागे केलं की ग्लिटर ब्रशमागे ओढलं जातं आणि रेघा पडतात. ब्रशच्या पोटाने दाबायचं, थापायचं, आणि शेवटी फ्री एजकडे, म्हणजे नखाच्या टोकाकडे, एकदाच हलका हात. दाबल्याने षटकोन आडवे होतात, सगळे नाही, थोडे तिरके राहतात, आणि ते राहायलाच हवेत, कारण हात हलवल्यावर वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश परतवतात म्हणून तर चमचम दिसते.

डबीचं पण सांगते. ग्लिटर आणि पावडर एकत्र करून ठेवलेली डबी हलवू नका, ढवळा. वेगवेगळ्या आकाराचे कण एकत्र हलवले की बारीक कण फटींतून खाली जातात आणि मोठे वर येतात, मग पहिली दोन नखं नुसती चमकी आणि शेवटची नुसती क्लिअर. ग्लिटरसाठी लिक्विडची डिशही वेगळी ठेवा, एक कण जरी साध्या पिंकमध्ये गेला तरी तो बरोबर नखाच्या मध्यावरच दिसतो.

पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीला क्राफ्टचं ग्लिटर स्वस्त मिळतं, ते नखांसाठी घेऊ नका. त्याचा रंग मोनोमरमध्ये टिकेलच असं नसतं, लाल असेल तर बीड गुलाबी होतो आणि ग्लिटर चंदेरी. घ्यायचंच असेल तर सॉल्व्हंट-रेझिस्टंट लिहिलेलं घ्या आणि आधी थोडं मोनोमरमध्ये तासभर बुडवून बघा. साइज 0.2 मिलिमीटर असेल तर हाताला सोपं, 0.4 पर्यंत ठीक, 1 मिलिमीटरचं चंकी ग्लिटर पूर्ण बीडमध्ये मिसळण्यापेक्षा सुटे तुकडे टिपून ठेवलेले बरे. मोठा तुकडा म्हणजे ॲक्रिलिकच्या आत तेवढा जोड नसलेला भाग, आणि तो नेमका स्ट्रेस एरियात आला, जिथे नैसर्गिक नख संपून एक्स्टेन्शन सुरू होतं, तर तडा तिथूनच जातो. त्या जागी ताकद आणि ॲपेक्स, म्हणजे नखाचा सगळ्यात उंच भाग, क्लिअर ॲक्रिलिकचाच द्या.

यातूनच पुढची गोष्ट येते, आणि माझ्या मते खरखरीतपणाचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो. ग्लिटरवर फाइल लागताच कामा नये. फाइल लागली की वरचा रंग जातो, खालचं ॲल्युमिनियम उघडं पडतं, आणि कापलेल्या कडा वर टोचतात, मग टॉप कोटचे तीन थर दिले तरी बोट फिरवल्यावर कळतं. म्हणून ग्लिटरचा थर मुद्दाम पातळ ठेवा, त्यावर क्लिअरचा थर द्या आणि सगळं शेपिंग त्या क्लिअरमध्येच करा. साइडवॉल आणि टोकापाशी ग्लिटर जरा आत थांबवा, कारण फाइल सगळ्यात जास्त तिथेच चालते. क्लिअर थर पॉलिश झाला की ग्लिटर खोल असल्यासारखं दिसतं, ओरखडे राहिले तर तोच थर प्रकाश विखरून धुरकट दिसतो, म्हणून फाइलची ग्रिट, म्हणजे दाण्याची बारकाई, 100 वरून 180, मग 240, मधली ग्रिट गाळू नका.

जेलवाल्या मुली विचारतात की हे जेलमध्ये का नाही करायचं. करता येतं, पण जेल लॅम्पच्या प्रकाशाने सेट होतं आणि ॲल्युमिनियमचे तुकडे तो प्रकाश अडवतात, जाड थर दिला तर खालचं जेल कच्चं राहतं. ॲक्रिलिकला प्रकाश लागतच नाही, त्यामुळे दाट ग्लिटरसाठी मला ॲक्रिलिकच जास्त भरवशाचं वाटतं.

पुण्याच्या हवेचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. ॲक्रिलिकला साधारण 21 ते 24 डिग्री मानवतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा 10-12 पर्यंत उतरतो तेव्हा बीड सेट व्हायला वेळ लावतो, तेवढ्या वेळात ग्लिटर बुडतं, आणि मग तीच तक्रार. एप्रिल-मेच्या दुपारी चाळिशीला उलटं, थापेपर्यंत दगड, तेव्हा छोटे छोटे बीड घ्या. थंडीत खोली गरम करा, बाटली गॅसजवळ किंवा गरम पाण्यात अजिबात नको, मोनोमर आणि त्याची वाफ दोन्ही पेट घेतात, घरी काम करत असाल तर शेजारी उदबत्ती किंवा निरांजनही नको. पावसाळ्यात हात धुतल्यावर लगेच सुरू करू नका, नखात शिरलेलं पाणी निघायला वेळ लागतो, डिहायड्रेटर, म्हणजे नख कोरडं करणारं लिक्विड, लावून थोडं थांबा. मास्क एन-95 चाच लावा, कपड्याच्या मास्कमधून फायलिंगची बारीक धूळ सहज आत जाते. टेबल फॅन लावून उपयोग नाही, तो वास आणि धूळ तुमच्या आणि क्लायंटच्या तोंडावर फिरवतो, हवा बाहेर ओढणारा एक्झॉस्ट हवा.

काढताना आधी क्लिअर थर फाइल करून ग्लिटरपर्यंत या, मग ॲसिटोनमध्ये ठेवा, नाहीतर त्या जाडीतून ॲसिटोन आत जायला फार वेळ लागतो. ॲक्रिलिक मऊ होऊन सुटतं पण ग्लिटर विरघळत नाही, ते वाटीच्या तळाशी तसंच चमकत बसतं. युरोपियन युनियनने ऑक्टोबर 2023 पासून सुट्या प्लॅस्टिक ग्लिटरच्या विक्रीवर बंधन आणलंय ते याच मायक्रोप्लॅस्टिकमुळे, कारण एकदा नाल्यातून नदीत गेलं की ते परत गोळा करता येत नाही. म्हणून वाटी बेसिनमध्ये ओतू नका, जाड टिशूवर गाळून घ्या, टिशू खिडकीपाशी पूर्ण वाळू द्या आणि मग सुक्या कचऱ्यात टाका.