नियंत्रण रेषेपलीकडील व्यापार (जम्मू-काश्मीर)

जम्मू-काश्मीर आणि पाकव्याप्त काश्मीर यांच्यात ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २०१९ या काळात चाललेला शुल्कमुक्त वस्तुविनिमय व्यापार. तो दोन मार्गांनी होई : उरीजवळील सलामाबादहून कमान पुलावरून चकोठीकडे जाणारा श्रीनगर–मुझफ्फराबाद मार्ग, आणि चकां-दा-बाग येथून जाणारा पूंछ–रावळकोट मार्ग. यांपैकी पहिला मार्ग जुना आहे. सर्वसाधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेलेला झेलम खोऱ्याचा रस्ता १९४७ पर्यंत काश्मीर खोऱ्याला रावळपिंडीच्या रेल्वेशी जोडत असे आणि खोऱ्याची बरीचशी आयात-निर्यात त्याच रस्त्याने होई.

या व्यापाराच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते २००८ च्या उन्हाळ्यातील अमरनाथ भूमी आंदोलन (अमरनाथ देवस्थान मंडळाला वनजमीन देण्याच्या प्रश्नावरून पेटलेले) हेच त्याचे खरे कारण होय. जम्मूतील आंदोलनामुळे जम्मू–श्रीनगर महामार्ग अडल्याची तक्रार होऊन, फळे सडत असताना, ११ ऑगस्ट रोजी खोऱ्यातील बागायतदार व व्यापारी मुझफ्फराबादच्या दिशेने निघाले आणि त्यानंतर दिल्लीला निर्णय लांबवणे अवघड झाले, असे ते मानतात. दुसरे मत या व्यापाराचे मूळ नोव्हेंबर २००३ च्या शस्त्रसंधीत व त्यानंतरच्या विश्वासवर्धक उपायांत शोधते. एप्रिल २००५ मध्ये श्रीनगर–मुझफ्फराबाद बससेवा सुरू झाली आणि त्याच महिन्यातील मनमोहन सिंग–मुशर्रफ संयुक्त निवेदनात या मार्गावर मालमोटारी सोडण्याचे मान्य झाले होते. हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. आंदोलनाने फार तर मुहूर्त अलीकडे आणला. मार्च २००६ मध्ये अमृतसर येथे मनमोहन सिंग यांनी, सीमा नव्याने आखता येणार नाहीत, पण त्या निरर्थक करता येतील, अशा आशयाचे विधान केले. त्याचे सर्वांत ठोस रूप हा व्यापार होता. सप्टेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्क येथे सिंग व पाकिस्तानचे तत्कालीन अध्यक्ष झरदारी यांच्या भेटीत तारीख ठरली आणि २१ ऑक्टोबरला पहिल्या मालमोटारी पलीकडे गेल्या. जेमतेम महिन्याभराने मुंबईवर दहशतवादी हल्ला होऊन दोन्ही देशांतील संवाद प्रक्रिया थांबली, तरी हा व्यापार मात्र थांबला नाही.

व्यवहाराची पद्धत विलक्षण होती. भारताच्या भूमिकेनुसार पलीकडचा प्रदेशही भारताचाच असल्याने हा परदेशी व्यापार ठरत नव्हता. म्हणून त्यावर सीमाशुल्क नव्हते आणि पतपत्र (बँकेने दिलेली पैसे चुकते करण्याची हमी), बँकेमार्फत भरणा किंवा चलन-विनिमय यांची सोयही नव्हती. जितक्या किमतीचा माल जाई, तितक्याच किमतीचा माल ठराविक मुदतीत परत यावा, एवढाच हिशेब असे. किंमत कोणत्या चलनात व कोणत्या बाजारभावाने धरावी, हे व्यापारी आपापसांत ठरवीत आणि त्यामुळे किंमत कमी-जास्त दाखवण्यास वाव राही. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी २१ वस्तूंना परवानगी होती. यादीत शाली, नमदे (लोकरीची जाजमे), अक्रोड, केशर, राजमा व पेशावरी चपला यांच्याबरोबर चिंचही होती, जी काश्मीर खोऱ्यात पिकत नाही. बाहेरचा माल या मार्गाने फिरणार हे यादी करणाऱ्यांनाही दिसत असावे. पुढे कॅलिफोर्नियातील बदाम या वाटेने येत असल्याच्या आरोपांवरून राष्ट्रीय तपास यंत्रणेने २०१६ मध्ये चौकशी सुरू केली. जानेवारी २०१४ मध्ये उरी येथे एका मालमोटारीत अमली पदार्थ सापडल्यावर दोन्हीकडे चालक अडकून पडले होते आणि व्यापार काही काळ खंडित झाला होता.

व्यापार प्रारंभी आठवड्यातून दोन दिवस व नंतर चार दिवस चाले. दोन्हीकडील व्यापाऱ्यांनी मिळून एक संयुक्त व्यापारी मंडळही स्थापले. मात्र त्याच्या कामकाजाविषयी प्रसिद्ध साहित्य तुटपुंजे आहे, आणि मुझफ्फराबाद व रावळकोट येथील बाजारांवर व्यापाराचा काय परिणाम झाला याविषयी तर त्याहून कमी.

फेब्रुवारी २०१९ मधील पुलवामा हल्ल्यानंतर, शस्त्रे, अमली पदार्थ व बनावट चलन यांच्यासाठी मार्गाचा गैरवापर होत असल्याचे कारण देऊन भारत सरकारने एप्रिलमध्ये व्यापार स्थगित केला. स्थगितीच्या वेळी काही व्यापाऱ्यांचा विनिमय अपुरा राहिला. पुढे करखात्याने याच व्यापाराला राज्यांतर्गत पुरवठा मानून जुलै २०१७ नंतरच्या व्यवहारांवर वस्तू व सेवा कराच्या नोटिसा काढल्या.