वर्षाची जमा म्हणजे दवाखान्याची किंमत नव्हे

दातांचा दवाखाना विकायचा म्हटलं की ‘वर्षाची जमा तीच किंमत’ हे गणित वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते चुकीचं आहे. समजा, दोन दवाखान्यांची जमा प्रत्येकी ४० लाख. एकाचे भाडं, लॅबची बिलं, पगार, साहित्य यांत ३० लाख जातात, दुसऱ्याचे २२. मग किंमत सारखी कशी? उरलेल्यातून डॉक्टरच्या स्वतःच्या कामाचा मेहनतानाही वजा करा. त्यानंतर राहतो तो खरा नफा, आणि मोल त्याचंच. नुसत्या प्राप्तिकर रिटर्नवर विसंबू नका: डॉक्टरांसारख्या व्यावसायिकांसाठीच्या अंदाजी करपद्धतीत (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ४४एडीए) निम्मी जमा नफा म्हणून दाखवता येते, प्रत्यक्ष खर्च त्यात दिसत नाही. आणि भाडेकरार नव्या डॉक्टरच्या नावे होणार नसेल, तर जुने पेशंट येणार कुठे?