ख्रिसमस ट्री कुट्टीला आणताय? आधी वायर-तार काढा

जानेवारी लागला की आमच्या नर्सरीच्या गेटवर रोज दोन-चार जण येतात, डिक्कीत सुकत आलेलं ख्रिसमस ट्री आणि प्रश्न एकच, "भाऊ, आता याचं काय करायचं?" नागपुरातल्या सदर, मोहननगरपासून थेट मनीषनगरपर्यंतचे लोक हेच विचारून राहिले, म्हणून एकदाच लिहून देतो.

आधी खोडाची साल नखाने थोडी खरवडून बघा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, फेकू नका. कुंडीत मिळतं ते बहुतेक अरोकेरिया, मूळचं पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरचं, त्याला आपला मे महिना झेपत नाही. मार्चपासून हिरव्या नेटखाली ठेवा, सकाळचं कोवळं ऊन पुरे. आणि शेंडा खुडू नका हो, ती काय तुळस आहे का, शेंडा गेला की झाडाचा घाटच जातो. कुंडी लहान पडली असेल तर आमच्याकडे बदलून मिळते, नेट पण मीटरवर आहे.

खरंच मेलं असेल तरी कामाचं आहे. फांद्या वीतभर ठेवून छाटा आणि खोड मोठ्या कुंडीत रोवा, कारली नाहीतर वालाचा वेल मस्त चढतो. आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या अंगणात, असंच एक खोड आहे, उन्हाळ्यात त्यालाच चिमण्यांच्या पाण्याचं भांडं टांगतो. बारीक टोचऱ्या फांद्या कुंडीतल्या मातीवर पसरल्या की मांजर उकरत नाही.

बाकीचं आमच्याकडे आणा, कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये बारीक करून देतो. ती कुट्टी दोन इंच जाडीने झाडांच्या बुडाशी पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका, एप्रिल-मेमध्ये माती लवकर सुकत नाही. माती आंबट होईल का विचारतात, एवढ्याशाने काही होत नाही.

आता मुद्द्याचं. झाड आणताना लायटिंगची माळ, चमकी, स्टारची बारीक तार, फेविकॉलने चिकटवलेला कापूस, सगळं घरीच काढून आणा. मागच्या वर्षी हिरव्या वायरची माळ फांदीत दिसलीच नाही, मशीनमध्ये गेली, पात्याचे दात गेले आणि दोन दिवस काम बंद. तेव्हापासून तार दिसली की झाड परत पाठवतो, राग मानू नका, एक झाड साफ करायला आमच्या पोराचा अर्धा तास जातो आणि मागे लाईन लागलेली असते. चमकी प्लास्टिकची असते, ती खतात गेली की निघत नाही. स्प्रेचा बर्फ मारलेल्या फांद्या पण घेत नाही.

प्लास्टिकचं ट्री कुट्टीत चालत नाही आणि होळीत तर टाकूच नका, बरेच पीव्हीसीचे असतात, जळताना ॲसिडचा धूर निघतो. त्याच्या फांद्या सुट्या करा, आत तार असते म्हणून हव्या तशा वळतात, गणपतीच्या मखराला छान दिसतात.

झाड आमच्याकडून नेलेलं असेल तर कुट्टी फुकट, नाहीतर 50 रुपये. पोतं तुमचं तुम्ही आणा. मशीन सकाळी 8 ते 11च चालू असते, सोमवारी बंद.