सान तेल्मो की ला बोका?

अर्जेंटिनाला जाऊन आलेल्यांच्या अल्बममध्ये रंगीत पत्र्याच्या घरांपुढे टँगो नाचणारी जोडी हमखास असते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘सान तेल्मो’. घरं असतात ला बोकाची.

घोळ होणं साहजिक आहे. दोन्ही वस्त्या ब्युनोस आयर्सच्या दक्षिण भागात, जवळजवळ. दोन्हीकडे टँगो, दोन्हीकडे पर्यटक आणि दोन्हींच्या इतिहासात एकच शब्द: कोनबेंतीशो. एका खोलीत एक बिऱ्हाड, मधे सामाईक चौक, संडास सगळ्यांत मिळून. चाळीत राहिलेल्याला जास्त सांगायला नको.

फरक आहे तो या चाळी झाल्या कशा, यात. सान तेल्मोत ते मुळात वाडे होते, श्रीमंत घराण्यांचे. १८७१ साली पिवळ्या तापाची साथ आली. दोन लाखांहून कमी वस्तीच्या शहरात १४ हजारांच्या आसपास माणसं दगावली. पैसेवाले उत्तरेला, रेकोलेताच्या बाजूला सरकले आणि मागे राहिलेल्या वाड्यांच्या खोल्या बोटीतून उतरणाऱ्या युरोपियन कुटुंबांना भाड्याने गेल्या. म्हणून सान तेल्मोत आजही उंच दारं, लोखंडी नक्षीचे सज्जे आणि पोपडे धरलेल्या भिंती दिसतात.

ला बोकाला असं वैभव कधी नव्हतंच. रियाचुएलो नदीच्या मुखाशी जेनोवाहून आलेले खलाशी आणि गोदी कामगार राहिले. घरं लाकडाची आणि पन्हाळी पत्र्याची. जहाजांचा उरलेला रंग भिंतींना फासायचे, एक डबा संपला की दुसरा, असं सांगतात. पण आज कामिनीतो गल्लीत जो झगमगाट दिसतो, त्यामागे बेनितो किन्केला मार्तिन हा चित्रकार आहे. अनाथालयात वाढलेला, कोळसा विकणाऱ्या जोडप्याने दत्तक घेतलेला आणि स्वतः गोदीत ओझी वाहिलेला माणूस. बंद पडलेल्या रेल्वे फाट्याची ओसाड जागा त्याने शेजाऱ्यांच्या मदतीने रंगवली. १९५९ मध्ये ती खुलं संग्रहालय झाली. म्हणजे फोटोतला ‘जुना’ रंग बराचसा विसाव्या शतकातला आहे. मला त्यात फसवणूक वाटत नाही, पण कामिनीतोवरून मागे फिरणाऱ्याने ला बोका पाहिलं असंही मी म्हणणार नाही. किन्केलाची गोदीची चित्रं तिथल्याच संग्रहालयात आहेत, ती आधी बघावीत. (अंधार पडल्यावर मात्र पर्यटकांच्या गल्ल्या सोडून भटकू नये.)

खाण्यातही वस्तीचा हात ओळखू येतो. ला बोकाच्या पिझ्झेरियात भरपूर कांदा-चीजच्या फुगासेतावर फाइनाचा तुकडा ठेवून देतात. फाइना म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची, भट्टीत भाजलेली जाडसर पोळी. आपल्या पोळ्याची जेनोवाकडची चुलत बहीण म्हणा. सान तेल्मोत १८९७ ची लोखंडी छताची मंडई आहे. तिथे भाजीच्या गाळ्याशेजारी जुन्या सोडा-बाटल्या विकायला असतात आणि हातात घेऊन खायला चोरीपान मिळतं. नावात चोरीही नाही, विड्याचं पानही नाही: चोरीसो म्हणजे मसालेदार सॉसेज, पान म्हणजे पाव. आपला ‘पाव’ पोर्तुगिजांकडून आला, तोही याच घराण्यातला.

सान तेल्मोला रविवारीच जा. देफेन्सा रस्त्यावरचा जुन्या वस्तूंचा बाजार त्या दिवशी भरतो. ला बोकाला दुसरा दिवस द्या, बोका ज्युनियर्स या तिथल्या फुटबॉल क्लबचा घरच्या मैदानावर सामना नसेल असा.