सर्टिफिकेट खरं, तरी एरर: लायब्रऱ्यांच्या सीए-यादीची पार्श्वभूमी

कंपनीच्या आतल्या सर्व्हरला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतून जोडायला गेलं की 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' हा एरर येतो. सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याची ओळख पटवणारा दाखला, खोटं नसतं. त्यावर कंपनीच्या स्वतःच्या सर्टिफिकेट अथॉरिटीची, म्हणजे असे दाखले देणाऱ्या सीएची, सही असते आणि जोडणी करणाऱ्या लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या संचाच्या, विश्वासू सीएंच्या यादीत तो सीए नसतो.

नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने १९९०च्या दशकाच्या मध्यात एसएसएल, म्हणजे माहिती कुलूपबंद पाठवायची पद्धत, आणलं, तेव्हा कोणत्या सीएवर विश्वास ठेवायचा हे ब्राउझर ठरवायचा. लायब्रऱ्यांपाशी अशी यादी नव्हती, म्हणून कित्येक लायब्रऱ्या तपासणीच करत नसत. इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या कर्ल या टूलने २००२ मध्ये, ७.१० आवृत्तीपासून, ती आपणहून सुरू केली. पायथनच्या मूळ एचटीटीपी लायब्ररीत मात्र डिसेंबर २०१४ मधल्या २.७.९ पर्यंत ती बंदच होती. माहिती कुलूपबंद जायची, पण पलीकडे कोण आहे हे कुणी विचारतच नव्हतं. इतकी वर्षं हे चाललं, याची मला आजही धास्ती वाटते.

२०१४ च्याच जुलैमध्ये आपल्या एनआयसी या सरकारी संगणक-संस्थेच्या सीएमधून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. देशातल्या सीएंवर देखरेख करणाऱ्या सीसीएची रूट सर्टिफिकेटं, म्हणजे ज्यांच्यावर बाकीच्या सर्टिफिकेटांचा विश्वास टेकतो ती, मायक्रोसॉफ्टच्या यादीत होती, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या नव्हती. त्यामुळे विंडोजच्या यादीवर चालणारे प्रोग्रॅम ती सर्टिफिकेटं मान्य करू शकत होते, फायरफॉक्स नाही. यादी कुणाची, यावर एवढं सगळं अवलंबून असतं.

पायथनची लोकप्रिय 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी मोझिलाचीच यादी 'सर्टिफाय' पॅकेजमधून घेते. तिच्या 'व्हेरिफाय' पर्यायात स्वतःच्या सीएच्या फाइलचा पत्ता देता येतो. पण ती फाइल मूळ यादीत मिसळत नाही, तिची जागाच घेते. मग आतला सर्व्हर चालतो आणि बाहेरच्या साइट बंद पडतात. वैतागलेला माणूस शेवटी तिथे 'फॉल्स' लिहितो, म्हणजे तपासणीच बंद करतो, आणि तो 'फॉल्स' प्रॉडक्शनपर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टमपर्यंत, जातो. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं, आणि त्याचा दोष मी त्या माणसापेक्षा सोयीच्या रचनेला देईन.

जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडने २०१६ मध्ये, ७.३.० आवृत्तीत, एक एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमबाहेरून देता येणारं सेटिंग, दिलं. त्यात सांगितलेले सीए मूळ यादीत भर म्हणून धरले जातात. पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपने २०२४ मधल्या २४.२ पासून, पायथन ३.१० किंवा त्यापुढचं असेल तर, ऑपरेटिंग सिस्टमची यादी वापरायला घेतली. आयटी विभागाने मशीनवर एकदा बसवलेला सीए पिपला आता वेगळा सांगावा लागत नाही.