इंजिन ठणठणीत, तरी गाडी नापास

मामांची शंभर सीसीची गाडी 2009 सालची. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. ती संपली की गाडी आरटीओत दाखवून पुढची 5 वर्षं वाढवून घ्यायची. मामांनी ऑइल बदललं, गाडी धुऊन पुसून लख्ख केली आणि ऐटीत नेली. निरीक्षकांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "मागचा ब्रेक दाबा," म्हणाले. ब्रेक लागला, पण लाल दिवा काही लागला नाही. मग हेडलाइट पाहिला, चेसिस नंबरावर बोट फिरवलं आणि कागद परत दिले.

"अहो, रोज चालवतो मी ही गाडी!" मामांचा युक्तिवाद.

गोम तिथेच आहे. झीज रोज केसभर होते आणि चालवणाऱ्याचा हात-पाय तिच्याशी रोज केसभर जुळवून घेतो. शिवाय आपला ब्रेकलाइट आपल्याला कधी दिसतच नाही. ब्रेकच्या पॅडलपासून एका छोट्या स्विचपर्यंत बारीक स्प्रिंग गेलेली असते. पॅडल खाली गेलं की ती स्विच ओढते. चार पावसाळ्यांत ती गंजते किंवा ताणून सैल पडते. ब्रेक मात्र लागत राहतो, म्हणून शंकाही येत नाही.

हेडलाइटची चूक मामांनी हौसेने केलेली. मूळचा 35 वॅटचा बल्ब काढून त्यांनी बाजारातला झगझगीत एलईडी बसवला होता. पण हेडलाइटचा आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर, बल्बातल्या तापून उजळणाऱ्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. तार दोन-तीन मिलिमीटर जरी सरकली तरी किरणांची दिशा बिघडते. मूळ बल्बात डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत घुसणारा प्रकाश ती अडवते. स्वस्त एलईडीत ना ती जागा नेमकी, ना ती वाटी. उजेड वाढतो, पण रस्त्यावर कमी आणि समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जास्त.

चेसिस नंबराचं काम सोपं होतं. हँडलखालच्या नळीवर कोरलेले आकडे गंज आणि ग्रीसच्या थराखाली गाडले गेले होते. रॉकेलचा बोळा फिरवल्यावर ते उगवले.

खरी मेजवानी गॅरेजमध्ये होती. मेकॅनिकने गाडी मेन स्टँडवर घेतली, पुढचं चाक अधांतरी केलं आणि मला म्हणाला, "दोन बोटांनी हँडल फिरवा, सावकाश." हँडल मधोमध आलं आणि टक् करून खाचेत बसल्यासारखं थांबलं. थोडा जोर दिला तेव्हा सुटलं.

हा कोन सेट. हँडलचा दांडा ज्या पोलादी गोळ्यांवर फिरतो, त्या गोळ्या आणि त्यांच्या वाट्या. चाकाच्या बेअरिंगमधल्या गोळ्या सतत गरगरतात, त्यामुळे झीज सगळीकडे वाटली जाते. हँडल मात्र प्रवासातला बहुतेक वेळ सरळच असतं. प्रत्येक खड्ड्याचा दणका त्याच गोळ्यांखाली, त्याच ठिकाणी बसतो आणि वाटीत नखाच्या टोकाएवढे खळगे पडतात. आपल्या रस्त्यांवर दणक्यांना काय तोटा! बिघडतं काय, तर दुचाकी तोल सांभाळते ती हँडलच्या बारीक, नकळत होणाऱ्या हालचालींवर. खळग्यात बसलेलं हँडल त्या होऊ देत नाही. गाडी हळू चालवताना नागमोडी जाऊ लागते आणि चालवणारा खापर टायरवर फोडतो.

मागच्या ड्रम ब्रेकची गोष्टही अशीच लपवाछपवीची. ब्रेक-शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे, झिजले की आपण पॅडलपासून ड्रमपर्यंत गेलेल्या रॉडच्या टोकाचा नट आवळतो आणि ब्रेक पुन्हा 'टाइट' होतो. पण प्रत्येक आवळणीबरोबर ड्रमवरची दांडी पुढे झुकते. दाबलेल्या ब्रेकमध्ये दांडी आणि रॉड यांच्यात काटकोनाच्या आसपास कोन असेल, तेव्हा पायाचा जोर पुरेपूर कामी येतो. तो कोन बिघडला की तेवढ्याच दाबात ब्रेक कमी लागतो. बऱ्याच गाड्यांवर दांडीजवळ झीज दाखवणारा बाण असतो. मामांचा बाण खूण ओलांडून कधीच पुढे गेला होता.

टायरचं मोजमाप सोपं: दुचाकीच्या नक्षीची खोली किमान 0.8 मिलिमीटर हवी. खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर बाद.

पीयूसीचा मामला वेगळा. 2000 नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकींना धुरात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3.5 टक्के आहे. एअर फिल्टर धुळीने चोंदला की हवा कमी पडते, पेट्रोल अर्धवट जळतं आणि हा आकडा चढतो. गार इंजिनावर चाचणी केली तरी तेच. या वायूला ना रंग ना वास, त्यामुळे 'धूर तर दिसत नाही' या म्हणण्याला अर्थ नाही.

दुसऱ्या फेरीत गाडी पास झाली. नवा कोन सेट पडल्यावर मामा मात्र दोन दिवस कुरकुरत होते: "हँडल फारच हलकं करून ठेवलंय रे त्याने. पहिल्यासारखी गाडी सरळ राहत नाही."