अ‍ॅव्हरेज आणि किलोमीटरचा खर्च: सव्वा कोटीच्या सात-सीटरचा हिशेब

मोठी गाडी घ्यायची म्हटलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: अ‍ॅव्हरेज किती देते? उत्तर बरं आलं की गाडी परवडणारी, नाहीतर पांढरा हत्ती. अ‍ॅव्हरेज म्हणजे एका लिटरमध्ये गाडी किती धावली. खर्च म्हणजे एक किलोमीटर धावायला खिशातून किती गेले. तीन रांगांच्या महागड्या एसयूव्हीत या दोन गोष्टी एकमेकींपासून इतक्या लांब जातात, की पहिली बघून दुसरीचा अंदाज बांधणारा माणूस हमखास चुकतो.

उदाहरणाला मर्सिडीजची जीएलएस घेऊ. तिची जुळणी आपल्या चाकणला होते. जानेवारी २०२४ मध्ये नवी आवृत्ती आली तेव्हा पेट्रोलच्या जीएलएस ४५० ची एक्स-शोरूम किंमत १.३२ कोटी आणि डिझेलच्या ४५० डी ची १.३७ कोटी होती. दोन्हींत तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, मदतीला ४८ व्होल्टची छोटी मोटर, नऊ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. वजन अडीच टनांच्या आसपास. फरक मुख्यतः इंधनाचा, म्हणून तुलनेला ही जोडी चांगली.

आधी अ‍ॅव्हरेज. आपल्याकडचा छापील आकडा प्रयोगशाळेतून येतो. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या, गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पळवतात. त्यात सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर आणि एसी बंद. सातही सीट भरलेल्या, मे महिन्याचं ऊन, एसी जोरात आणि हिंजवडीची संध्याकाळ यातलं काही त्या खोलीत नसतं. छापील आकडा एका गाडीची दुसरीशी तुलना करायला ठीक. महिन्याचं बजेट त्यावर मांडू नये. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करून भागाकार करायचा, हीच खरी रीत.

या आकड्याची आणखी एक खोड आहे. ८ वरून १० आणि १२ वरून १४, दोन्हीकडे वाढ दोनचीच. पण दहा हजार किलोमीटरवर पहिल्या वाढीत २५० लिटर वाचतात, दुसरीत जेमतेम ११९. कमी अ‍ॅव्हरेजच्या जड गाडीत एकेक किलोमीटरची सुधारणा मोठी रक्कम वाचवते, म्हणून टायरमधली हवा आणि उजवा पाय यांचं महत्त्व छोट्या गाडीपेक्षा इथे जास्त.

आता खर्च. समजा पेट्रोलची गाडी लिटरला ८ देते आणि डिझेलची ११. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९० धरलं तर इंधन किलोमीटरला १३ रुपये आणि ८ रुपये १८ पैसे. डिझेलवाल्याचे पावणेपाच रुपयांहून थोडे अधिकच वाचतात. बहुतेकांचा हिशेब इथेच संपतो आणि डिझेलची गाडी बुक होते.

पण आरटीओ अजून यायचाय. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के वाहन कर आहे, डिझेलला १५ टक्के. कराची कमाल मर्यादा पूर्वी २० लाख होती, जुलै २०२५ पासून ती ३० लाख झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला आणि किमती हलल्या, तरी वरच्याच किमती धरू, कारण बघायचंय ते दोघींमधलं अंतर. पेट्रोलचा कर १७.१६ लाख, डिझेलचा २०.५५ लाख. म्हणजे डिझेलवाल्याने पाच लाख किमतीत आणि तीन लाख ३९ हजार करात जास्त मोजले.

यातलं परत किती मिळतं? विमा कंपन्या आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरायची गाडीची किंमत, काढताना घसाऱ्याचा जो तक्ता वापरतात, त्यात गाडी पाचव्या वर्षात शिरली की निम्मी किंमत वजा होते. बाजारात थोडं इकडेतिकडे होईल, पण आधार म्हणून तक्ता चांगला. पेट्रोलच्या गाडीचे ६६ लाख घसाऱ्यात गेले, डिझेलचे साडेअडुसष्ट. भरलेला कर कोणी परत देत नाही. पाच वर्षांत ५० हजार किलोमीटर झाले, तर घसारा आणि कर मिळून पेट्रोलची गाडी किलोमीटरला १६६ रुपये खाते आणि डिझेलची १७८. इंधनाचे तेरा आणि आठ त्यापुढे केवढे? डिझेलने इंधनात वाचवले पावणेपाच, दुसऱ्या दाराने घालवले बारा. अ‍ॅव्हरेज जास्त, तरी गाडी महाग.

पारडं कधी फिरतं तेही काढता येतं. पाच वर्षांत डिझेलवर जादा गेले ५.८९ लाख. ते इंधनातून वसूल व्हायला साधारण १ लाख २२ हजार किलोमीटर लागतात, म्हणजे महिन्याला दोन हजार. आठवड्यातून दोनदा पुणे-मुंबई जाऊन येणारा माणूस वर्षाला तीस हजार सहज ओलांडतो. त्याने डिझेलच घ्यावी. (एक्स्प्रेसवेचा ३२० रुपयांचा टोल ९४.५ किलोमीटरवर वाटला तर किलोमीटरला ३ रुपये ४० पैसे होतात. हाही चालवण्याचा खर्चच, पण इंधनाच्या गप्पांत तो कोणी धरत नाही.) उलट, मुलांची शाळा, क्लब आणि शनिवारी लोणावळा एवढंच असेल तर पेट्रोल. तिथे पैशांपलीकडचंही एक कारण आहे. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग वेगात चालावी लागते. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत काजळी साचत जाते आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो. शिवाय अ‍ॅडब्लू हे धूर स्वच्छ करणारं द्रावण भरत राहावं लागतं. डिझेल गाडी ज्या वापरात फायद्याची नाही, नेमकी त्याच वापरात ती आजारीही पडते. सेल्समन हे आपणहून क्वचितच सांगतो.

सर्व्हिस, विमा आणि टायर यांचे आकडे शहराप्रमाणे आणि पॅकेजप्रमाणे बदलतात. ते लेखी मागून घ्यावेत, टायरचा भाव तर गाडी बघतानाच.

जुनी गाडी घेणाऱ्याचं गणित मात्र पार उलटतं. पाच वर्षांची जीएलएस निम्म्या किमतीत घेतली तर मोठा घसारा आणि कर पहिल्या मालकाने सोसलेला असतो. अंगावर येतं ते इंधन, टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन. इथे अ‍ॅव्हरेजचा प्रश्न खरोखर पहिला विचारावा, आणि थोड्या जास्त किमतीची डिझेल इथे लवकर वसूल होते. पण गाडीची किंमत निम्मी झाली म्हणून सुट्या भागांची होत नाही. एअर सस्पेन्शन गेलं तर बिल येतं ते सव्वा कोटीच्या गाडीचंच.